माळवदाच्या सवण्यातून: जपानी छापचित्रासारखं आपलं स्वयंपाकघर लाकडावर कसं उतरवायचं

आधी एक चित्र सांगतो. जपानमध्ये उतामारो म्हणून चित्रकार होता, साधारण १७५३ चा जन्म, १८०६ ला गेला. त्याचं १७९० च्या दशकातलं दोन कागदांचं जोडचित्र आहे, नाव एकदम साधं, 'स्वयंपाकघर'. त्यात एक बाई बसून वांगं सोलू लागलीय, दुसरी चुलीपुढं वाकून बांबूच्या फुंकणीनं जाळ फुंकू लागलीय, धूर निघालाय आणि त्या धुरानं शेजारणीचे डोळे बारीक झालेत, आणि एकीच्या अंगाशी लेकरू झोंबतंय, म्हणजे कामाच्या वेळीच लेकराला माय पाहिजे असते ते जपानमध्ये पण तसंच. मी हे पहिल्यांदा मोबाईलवर बघितलं तेव्हा बाकी काही दिसलंच नाही, फक्त फुंकणी. आमच्या मामीच्या चुलीशेजारी लोखंडी पाइपाची फुंकणी असायची, तिची एक बाजू हात लागून लागून चकचकीत झालेली, आणि इथं दोनशे वर्षांपूर्वीच्या एदोतली बाई, एदो म्हणजे आजचं टोकियो, तेच काम करतेय. तर तेव्हापासून हा नाद लागला. मी आर्ट स्कूलला गेलेला माणूस नाही, ऑफिस करून रविवारी लाकूड खरवडतो, पण तीन-चार वर्षांत जे चुकत चुकत जमलं ते लिहितो, म्हणजे तुमचं लाकूड तरी वाचेल.

या चित्रांना उकियो-ए म्हणतात. उकियो म्हणजे तरंगतं जग, म्हणजे मौजमजेचं, क्षणाचं जग, आणि ए म्हणजे चित्र. नाटकातले नट, सुंदर बाया, पुढं पुढं डोंगर-नद्या, हे सगळं लाकडावर कोरून कागदावर छापायचं आणि बाजारात विकायचं. ही श्रीमंताच्या दिवाणखान्यातली पेंटिंग नव्हती, साधं गिऱ्हाईक दुकानातून घेऊन जायचं. आणि एक माणूस सगळं करायचा नाही. चित्रकार फक्त रेघांचं चित्र काढायचा, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, आणि पैसा घालून हे सगळं जुळवणारा प्रकाशक वेगळा. चित्रावर नाव मात्र चित्रकाराचं, म्हणून उतामारो, होकुसाई, हिरोशिगे सगळ्यांना माहीत आणि केसांच्या रेघा कोरणारा गडी कुणाला माहीत नाही. आपल्याला चारही जागी एकट्यालाच बसायचंय.

पहिलं काम: नुसतं बघायचं

लाकूड-बिकूड आणायच्या आधी आठवडाभर चित्रं बघा. न्यूयॉर्कचं मेट म्युझियम, शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट, लंडनचं ब्रिटिश म्युझियम, यांच्या साइटवर ही चित्रं फुकटात दिसतात, पहिल्या दोन ठिकाणी तर कित्येक चित्रांची मोठी फाइल पण उतरवून घेता येते. सर्चमध्ये उतामारो, हारुनोबू, कियोनागा, हिरोशिगे टाका. मोबाईलवर झूम करा, आणि चेहरा सोडून हात बघा. हे मला लई उशिरा कळलं. या चित्रांमधले चेहरे बहुतेक एकसारखेच असतात, लांबट, बारीक डोळे, बारीक तोंड, सगळा जीव हातात असतो. सुईत दोरा ओवणारा हात, झिरझिरीत कापड उजेडात धरून बघणारा हात, लेकराच्या तोंडाजवळ नेलेला हात. काम अर्धं झालंय आणि अर्धं राहिलंय असा मधलाच क्षण पकडलेला असतो. सोललेलं वांगं नाही, सोलायचं वांगं नाही, साल लोंबतंय असं वांगं.

दुसरं, बायांच्या भुवया बघा. भुवया भादरून टाकलेल्या आणि दात काळे केलेले असतील तर ती लग्न झालेली, लेकरंबाळं असलेली बाई समजायची. दात काळे करायला लोखंडाचं पाणी वापरायचे. आपल्याकडं पण जुन्या बाया दातवण लावून दात काळे करायच्याच की, आमच्या पणजीचे होते म्हणतात, त्यामुळं मला यात काही नवल वाटलं नाही, माझ्या पोरीला मात्र ईऽऽ झालं.

आणि एक गोष्ट डोक्यात ठेवा. ही घरं खरी वाटतात पण पूर्ण खरी नाहीत. उतामारोच्या स्वयंपाकघरात धूर आहे पण काजळी कुठं लागलेली नाही, साड्या, आपलं किमोनो, एकदम परीटघडीचे. कपड्यांची, केसांच्या वळणांची फॅशन पण या चित्रांतून पसरायची. आपण छापताना काजळी दाखवायची का नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मी दाखवतो.

जागा कुठून बघायची

यात मला आमच्या भागातल्या माणसाला एक फायदा आहे असं वाटतं. जपानी चित्रांमध्ये घराचं आतलं दृश्य बहुतेक वेळा थोडं वरून, तिरपं दिसतं, जमिनीच्या चटया कागदावर तिरक्या जातात, आणि त्याच्याही आधीच्या जुन्या गुंडाळी-चित्रांमध्ये तर छप्परच काढून टाकलेलं असतं आणि वरून खोलीत डोकावल्यासारखं चित्र. आता माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज आहे का? आम्ही मामाच्या गावी, अंबाजोगाईकडं, माळवदावर चढून सवण्यातून, म्हणजे छपरात ठेवलेल्या धुराच्या भोकातून, खाली स्वयंपाकघरात बघायचो, धूर डोळ्यात जायचा आणि खालून मामी ओरडायची, माती पडू लागली रे कालवणात! सवण्यातून जे दिसतं ना, बाईच्या डोक्याचा भांग, परातीचा गोल, चुलीचा इंग्रजी यू, पाटावर बसलेल्या माणसाची मांडी, तेच हे चित्र. माळवद राहिलं नसेल तर स्टुलावर उभं राहून खाली मोबाईल धरा आणि फोटो काढा, काम तेच होतं.

जपानी चित्रात जमिनीवर ताटामीच्या चटया असतात, त्यांच्या काठांच्या रेघांनी खोली आत किती लांब जाते ते कळतं. आपल्याकडं शहाबादी फरशी आहे. तिच्या सांध्यांच्या रेघा ओढा, झालं काम, वेगळं काही करायची गरज नाही.

फोटो काढला की तो कापा. निर्दयपणे कापा. हिरोशिगेचं १८५७ चं एक चित्र आहे, एदोच्या शंभर जागांच्या मालिकेतलं, त्यात खिडकीत एक पांढरी मांजर पाठमोरी बसलीय आणि बाहेर लांब शेतातून जत्रेला जाणारी माणसं मुंगीएवढी. खोलीत माणूस नाही, पण काठावर पाण्याचा वाडगा आणि टॉवेल, चटईवर नुकत्याच आणलेल्या जत्रेतल्या पिना, म्हणजे बाई आत आहे हे कळतं. पूर्ण माणूस दाखवायलाच पाहिजे असं काही नाही. आमच्या मायचा पहिला ठसा मी केला त्यात तिचं डोकं ते पाय सगळं बसवायच्या नादात भाकरी अठण्याएवढी झाली. दुसऱ्यात फक्त परात, दोन हात, बांगड्या आणि खालून आलेला तव्याचा काठ घेतला, तो ठसा आजपण भिंतीवर आहे.

काय काढायचं सुचत नसेल तर हारुनोबूची युक्ती वापरा. चीनमध्ये 'आठ दृश्यं' म्हणून डोंगर-नद्यांची जुनी प्रसिद्ध यादी होती, रात्रीचा पाऊस, संध्याकाळचा बर्फ, परतणारी शिडं, देवळाची सांजघंटा वगैरे. हारुनोबूनं साधारण १७६६ च्या आसपास ती सगळी घरातच आणली. चहाच्या किटलीतल्या उकळीचा आवाज म्हणजे रात्रीचा पाऊस, टॉवेलच्या स्टँडवर वाळणारा पंचा म्हणजे शिडं, घड्याळाचे टोले म्हणजे सांजघंटा, आणि रेशमाचे पांढरे पिंजलेले धागे पसरून ठेवलेले म्हणजे बर्फ. हे वाचलं आणि मी ऑफिसमध्ये बसून आपली आठ करायला लागलो. फोडणीचा आवाज म्हणजे पाऊस. दोरीवरचं धोतर म्हणजे शीड. कुकरची शिट्टी म्हणजे सांजघंटा, दिवेलागणीला गल्लीत पाच घरांतून वाजते. आणि बर्फ? बर्फ तर आपल्याकडं घरात पडतोच, कापूस वेचून आणून खोलीत टाकलेला असतो, छतापर्यंत, लेकरं त्यात उड्या मारतात आणि मार खातात. अजून आठ पूर्ण झाली नाहीत, त्या यादीतले 'खाली उतरणारे हंस' कशाला म्हणायचं ते सापडेना, टँकरकडं घागरी घेऊन निघालेल्या बायांची रांग घ्यावी का म्हणतो.

सामान

लाकूड. जपानमध्ये डोंगरी चेरीचं लाकूड वापरायचे, ते घट्ट आणि बारीक रेषेचं असतं म्हणून केसाएवढी रेघ टिकते. आपल्याकडं सुताराला शिवणीची फळी मागा, मऊ आणि एकसारखी असते, हत्यार अडकत नाही. सागवान दिसायला भारी पण नवशिक्याच्या मनगटाचा भुगा करतं. कडुनिंब मिळतो पण त्यात गाठी. मी पहिली फळी एका दुकानातून आणली, दुकानदार म्हणला एक नंबर माल, घरी येऊन बघतो तर मधोमध गाठ, आणि नेमकी तिथंच मला मायचं नाक कोरायचं होतं. म्हणून फळी ओली करून बघा, पाणी मारलं की गाठी लगेच दिसतात. फळी मिळालीच नाही तर एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड, चालतं, फक्त त्याला दोन हात चपड्याचे मारा नाहीतर पाण्यानं फुगतं. साइज वहीच्या अर्ध्या पानाएवढी ठेवा. जपानी मोठा कागद साधारण ३९ बाय २६ सेंटिमीटरचा असायचा, तो नंतर, आधी हात बसू द्या.

हत्यारं म्हणजे एक धारदार कटर किंवा छोटी सुरी आणि दोन-तीन गोल व चपट्या पटाश्या, स्टेशनरीवाल्याकडं लिनोकटचा सेट मिळतो तो सुरुवातीला पुरतो. धार लावायचा दगड पाहिजेच पाहिजे. बोथट हत्यारानं माणूस जास्त जोर लावतो आणि तेच बोटात जातं.

कागद. इथं संभाजीनगर भागातल्यांची मजा आहे. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतो, तिथं हातकागद बनवायची परंपरा तुघलकाच्या काळापासूनची सांगतात, महंमद तुघलकानं १३२७ ला राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली तेव्हापासूनचा हिशोब. जपानमध्ये कोझो नावाच्या झाडाच्या सालीचा कागद वापरायचे, लांब धाग्यांचा, ओला झाला तरी फाटत नाही. आपला हातकागद मुख्यतः सुती चिंध्यांचा, त्यामुळं मागताना पातळातला पातळ मागा आणि घरी येऊन एक तुकडा भिजवून बोटानं घासून बघा. लव उठली तर सरस आणि तुरटीचं पातळ पाणी एक हात मारून वाळवा, जपानी छापखान्यात पण कागदाला हेच दोन पदार्थ लावायचे. लग्नपत्रिकेचा जाड कागद घेऊ नका, मी घेतला होता, वाटीनं घासून घासून दंड भरून आले आणि छापलं काय तर चिलटं.

रंग म्हणजे ट्यूबमधले वॉटरकलर किंवा पोस्टर कलर. काळ्यासाठी ड्रॉइंगची शाई. आणि खळ. हो, तीच, तांदळाच्या पिठाची शिजवून केलेली खळ, सुती लुगड्याला देतात ती, फक्त थोडी घट्ट. जपानी छापणारा पण रंगात तांदळाचीच खळ मिसळायचा, तिच्यानं रंग फळीवर एकसारखा पसरतो आणि कागदात घट्ट बसतो. दाबायला तिकडं बारेन नावाची चकती असते, आत दोरीची गुंडाळी आणि वरून बांबूच्या कोंबावरची पातळ साल ताणून बांधलेली. आपली स्टीलची वाटी, बूड सपाट असलेली. त्याच्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवा म्हणजे सरकते.

चित्र फळीवर घेणं, आणि माझी माय डावखुरी कशी झाली

आता हे नीट वाचा कारण इथं मी आपटलो होतो. पहिल्या वेळी फोटोवरून चित्र काढलं, कार्बन ठेवून फळीवर उतरवलं, तीन रविवार कोरलं, छापलं. मायला दाखवलं. तिनं चष्मा लावला, बघितलं, आणि म्हणली, "हे कोण रे?" म्हणलं तूच की. म्हणली, "मी कशाला उलट्या खांद्यावर पदर घेईन? आणि ही डाव्या हातानं फुंकणी धरू लागली." खरंच की. फळीवरचं सुलटं कागदावर उलटं येतं हे मला माहीत नव्हतं असं नाही, स्टँप मारताना रोज बघतो, पण डोक्यातच आलं नाही. नाकातली चमकी पण पलीकडच्या नाकपुडीत गेलेली.

जपानमध्ये तर ही चूक अजून महागात पडली असती, कारण किमोनोचा डावा पदर कायम उजव्यावर येतो, आणि उजवा डाव्यावर फक्त मढ्याला नेसवताना घेतात. म्हणजे कोरणारा चुकला तर चित्रातल्या सगळ्या हसऱ्या बाया मेलेल्या. म्हणून त्यांची पद्धत पक्की होती आणि तीच आपण घ्यायची. चित्र पातळ कागदावर शाईनं काढायचं, फळीला खळीचा पातळ हात मारायचा, आणि कागद चित्राची बाजू खाली करून चिकटवायचा. पाठीमागून रेघा दिसतात, उलट्या. धूसर दिसत असतील तर वाळल्यावर ओल्या बोटानं कागदाचा वरचा पापुद्रा हळू हळू चोळून काढायचा आणि खोबरेल तेलाचा थेंब, रेघ काचेत दिसावी तशी दिसते. मग रेघेवरूनच कोरायचं. चित्र त्यातच संपतं, म्हणून आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. जुन्या चित्रकारांच्या मूळ रेखाटनांचं असंच व्हायचं, लाकडाबरोबर कोरून जायची, छापलेली तेवढी राहायची.

चेहरा काढताना हात आखडता घ्या. नाकाची एक रेघ, भुवयांच्या दोन, डोळ्याला दोन, बास. सावली काढू नका. या चित्रांत सावली जवळजवळ नसतेच, चेहऱ्यावर पण नाही आणि जमिनीवर पण नाही, सगळं रेघेवर आणि सपाट रंगावर चालतं. केसांचं तर विचारू नका, कपाळावरच्या केसांच्या मुळांची ती बारीक ओळ कोरणं हे तिकडं उस्तादाचं काम, शिकाऊ पोराला कपडे आणि मागचं सामान द्यायचे. आपण अंबाडा म्हणजे एक काळा गोळा आणि त्यात दोन पांढऱ्या रेघा, मायचे केस असेही पांढरे झालेत.

कोरणं

रेघेच्या दोन्ही बाजूंनी सुरी फिरवायची, पण उभी नाही, तिरकी, म्हणजे रेघ वर निमुळती आणि बुडाला रुंद राहील. शेताचा बांध कसा असतो तसं. उभी कापली तर भिंत बारीक होते आणि छापताना दाबाखाली तुटते. आधी सगळ्या रेघांच्या कडा कापून घ्या, मग मधलं मोकळं पटाशीनं काढा, मोठी मोकळी जागा खोल काढा नाहीतर तिथं रंग लागून कागदावर डाग येतात. डावा हात कायम पातीच्या मागं, पुढं कधीच नाही, लेकरं शेजारी बसली असतील तर आधी त्यांना उठवा. फळीखाली ओलं फडकं ठेवा म्हणजे सरकत नाही.

तुटलंच तर? फेविकॉलचा थेंब आणि टाचणीनं तुकडा जागेवर. मोठं तुटलं तर तेवढा चौकोन काढून नवीन लाकडाची पाचर बसवून परत कोरतात, हे जपानी कारागीर पण करायचे.

आता खुणा. एकापेक्षा जास्त रंग छापायचे तर प्रत्येक फळीवर कागद नेमका त्याच जागी बसला पाहिजे. त्यासाठी फळी समोर ठेवली की उजव्या खालच्या कोपऱ्यात काटकोनाची एक खाच, आणि त्याच खालच्या काठावर डावीकडं एक सरळ खाच. कागदाचा कोपरा काटकोनात टेकवायचा, काठ सरळ खाचेला टेकवायचा, आणि सोडायचा. याला केंतो म्हणतात. एवढ्याशा दोन खाचांवर सगळी रंगीत चित्रं उभी आहेत. खाच खोल नको, कागद अडकेल एवढीच.

रेघांची फळी झाली की तिचे काळ्यात तीन-चार छाप पातळ कागदावर घ्या, खाचांच्या खुणांसकट. एकेक छाप नव्या फळीवर उलटा चिकटवा, आणि त्या फळीवर एकाच रंगाचा भाग ठेवून बाकीचं कोरून टाका. लुगड्याची एक फळी, जाळाची एक. फळीच्या दोन्ही बाजू वापरल्या तर पैसे वाचतात.

पहिल्यांदा दोनच रंग ठेवा. १७६५ च्या आधी एदोत पण बहुतेक दोन-तीन रंगांतच काम चालायचं, गुलाबी आणि हिरवा. त्या वर्षी हौशी मंडळींनी एकमेकांना द्यायला चित्रातली कॅलेंडरं छापून घेतली, कोणता महिना मोठा कोणता छोटा ते चित्रात लपवलेलं, कुठं पट्ट्यावरच्या नक्षीत, कुठं अजून कशात, आणि त्या हौसेपायी खर्चाकडं न बघता भरपूर रंग लावले, तिथून हारुनोबूचं पूर्ण रंगीत काम सुरू झालं. तर हौस झाली की करा दहा रंग. आमच्याकडचे रंग म्हणाल तर गेरू मला लई आवडतो, चुलीला सारवून वर गेरूचा पट्टा असतो तोच कागदावर येतो, आणि गंमत म्हणजे जपानीत गेरूसारख्या लाल रंगाला बेंगारा म्हणतात, ते नाव बंगालवरून आलंय. हळदीच्या नादाला लागू नका, उन्हात उडते.

छापणं, म्हणजे उन्हाशी भांडण

हे काम ओल्या कागदावर करायचं असतं. ओला म्हणजे पाणी टपकणारा नाही, इस्त्रीला पाणी मारून गुंडाळून ठेवलेला कपडा असतो तेवढा दमट. आदल्या रात्री एक कागद ओला, दोन कोरडे, एक ओला, दोन कोरडे अशी थप्पी लावा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, वरून पाटा ठेवा. सकाळपर्यंत सगळे सारखे दमट होतात. आता आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसला गेलेला असताना फॅनखाली बसून छापायला गेलात तर फळीवर रंग लावून कागद उचलेपर्यंत रंग वाळलेला असतो, मी केलंय, अर्धं चित्र आलं आणि अर्धं फळीनंच ठेवून घेतलं. पहाटे पाचला करा, फॅन बंद, खिडक्या बंद, किंवा सरळ जून-जुलैपर्यंत थांबा. पावसाळ्यात पण ओली थप्पी दोन-तीन दिवसांच्या वर ठेवू नका, बुरशी येते.

फळी आधी ओल्या फडक्यानं पुसून घ्या, कोरडी फळी रंग पिऊन टाकते. मग ब्रशनं रंग लावा, शेजारी तांदळाएवढी खळ टाका, आणि बुटाला पॉलिश करतो त्या ब्रशनं, नवीन हं, गोल गोल फिरवून एकसारखं करा. फळी ओलसर चमकली पाहिजे, रंगाचं डबकं दिसलं तर जास्त झालं. कागद खाचेत टेकवा, सोडा, वर बटर पेपर ठेवा आणि वाटीचं बूड छोट्या छोट्या गोलात फिरवत दाबा, जात्यावर हात फिरतो तसा खांद्यातून जोर. कोपऱ्यातून थोडं उचलून बघा, फिकं असेल तर परत टेकवून दाबा, खाचेतून सुटलं नाही तोवर बिघडत नाही. पहिले पाच-सहा छाप वाईटच येणार, लाकूड अजून तहानलेलं असतं, त्यात नाराज व्हायचं नाही.

आता धूर. या सगळ्यात माझा आवडता भाग. धूर काढायचा कसा, रेघेनं का रंगानं? एक पद्धत अशी, रंग फळीवर एकाच बाजूला लावायचा, दुसरी बाजू ओल्या फडक्यानं पुसून ठेवायची, आणि ब्रश दोन्हीच्या सीमेवर आडवा फिरवायचा, म्हणजे रंग गडदपासून फिका होत होत नाहीसा होतो. याला बोकाशी म्हणतात, हिरोशिगेच्या आभाळात वरून खाली उतरणारा निळा पट्टा आहे ना, तो याच हातचलाखीचा. तो निळा १८३० च्या आसपास तिकडं लोकप्रिय झालेला युरोपातला प्रशियन निळा. मी चुलीपासून वर जाताना करडा असा फिका करत नेला, सवण्यापाशी पूर्ण कोरा कागद. कसा जमला? दहातून दोन छापांत जमला. तिसऱ्यात धूर मायच्या तोंडावरून गेला आणि खरं सांगू का, तोच छाप सगळ्यात खरा वाटतो.

काहीच रंग न लावता नुसतं दाबून कागदाला उठाव पण आणतात, बर्फ, पांढरं कापड, मांजरीची लव असल्या ठिकाणी. कापसाच्या खोलीसाठी मी हे ठेवलंय, अजून हात नीट बसला नाही.

छाप झाले की दोरीला लटकवू नका, कागद वाकडा होतो. दोन पुठ्ठ्यांमध्ये वर्तमानपत्र घालून दाबून ठेवा, रोज वर्तमानपत्र बदला, तीन दिवसांत सपाट. भिंतीवर लावायचे तर जिथं ऊन येत नाही तिथं लावा, म्युझियमवाले पण जुनी छापचित्रं थोडे महिनेच दाखवतात आणि परत अंधारात ठेवतात.

फळ्या गार पाण्यानं धुवून सावलीत उभ्या करून वाळवा, उन्हात टाकल्या की धनुष्य होतात. आणि वाळवायला स्वयंपाकघरात तर अजिबात ठेवू नका. माझी ती पहिली उलट्या पदराची फळी वाळेपर्यंत ओट्यावर होती, संध्याकाळी येऊन बघतो तर दुधाच्या पातेल्यावर झाकण. "मांजर येऊ लागली," माय म्हणली, "आणि असंही ती मी नाहीच."